अंगणातला रताळ्याचा वेल

आपल्या घराच्या मागे थोडी जागा असते. मोरीचे पाणी तिथे जाते. कोंबड्या तिथे माती उकरतात. उन्हाळ्यात तिथे धूळ उडते. पावसाळ्यात तिथली माती वाहते आणि नाल्याला जाऊन मिळते. या जागेला आपण मोकळी जागा म्हणतो. पण जमीन कधी मोकळी राहत नाही. आपण काही लावले नाही, तर तिथे गाजरगवत उगवते.

या जागेत काय लावावे? आम्ही सांगतो, रताळ्याचा वेल लावा.

रताळे आपण सगळे ओळखतो. एकादशीला आणि महाशिवरात्रीला बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. आपण ती विकत आणतो, उकडतो, नाहीतर निखाऱ्यात भाजतो. पण हा वेल घरी लावणारे थोडे. त्याचे पान खाता येते, हे जाणणारे आणखी थोडे. म्हणून हा धडा.

हा वेल कसा आहे?

दोडक्याचा वेल मांडवावर चढतो. वालाचा वेल कुंपणावर चढतो. रताळ्याच्या वेलाला काठी नको, दोरी नको, मांडव नको. तो जमिनीवर पसरतो. दीड-दोन महिन्यांत सगळी जागा पानांनी झाकून जाते. पावसाचा थेंब मग मातीवर आपटत नाही, पानावर पडतो. माती जागेवर राहते. सावलीमुळे तणही कमी येते.

वेलाच्या मुळाशी मातीत कंद धरतात. तीच रताळी. म्हणजे हा वेल वर भाजी देतो, खाली कंद देतो आणि उरलेला पाला शेळीला, गाईला देतो.

हा वेल मूळचा आपला नव्हे. तो अमेरिका खंडातला. मिरची, मका, बटाटा हीदेखील तिकडचीच. समुद्रापलीकडून व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि आपलीच झाली. आज मक्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा यांना कोण परके म्हणेल?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तळ्याकाठी, नाल्याकाठी बेशरम उगवते. तिचे फूल रताळ्याच्या फुलासारखेच दिसते, कारण दोन्ही एकाच कुळातली आहेत. पण बेशरम विषारी आहे. ती झुडपासारखी उभी वाढते. रताळ्याचा वेल जमिनीवर सरपटतो. फूल सारखे दिसले म्हणून पान खुडू नका. ज्या वेलाची रताळी आपण स्वतः पाहिली आहेत, त्याचेच पान खा.

जागा आणि माती

वेलाला ऊन हवे. झाडाच्या दाट सावलीत पाला येतो, पण कंद पोसत नाहीत. माती भुसभुशीत असावी. पाणी साचून राहता कामा नये.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दोन तऱ्हेची जमीन आहे. धडगाव आणि अक्कलकुव्याकडे सातपुड्याचे उतार आहेत. तिथली माती हलकी, मुरमाड. तापीकाठी काळी, भारी जमीन आहे. वेल दोन्हीकडे येतो. पण रीत वेगळी.

उतारावर राहत असाल, तर वरंबे उताराला आडवे घाला. वरून खाली घालू नका. वरून खाली घातलेल्या सरीतून पाणी धावते आणि माती घेऊन जाते. आडव्या वरंब्यापाशी पाणी थांबते, मुरते.

काळ्या जमिनीत राहत असाल, तर वरंबे उंच करा. एक फूट उंची असावी. त्या मातीत वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. काळी माती पाण्याने चिकट होते आणि वाळली की भेगाळते. चिकट मातीत रताळी वेडीवाकडी वाढतात. भेगांतून काय होते ते आपण पुढे पाहू.

दोन्हीकडे चांगले कुजलेले शेणखत घाला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेला एक-दोन पाट्या पुरे. चुलीची राखही मिसळा. राखेतल्या पोटॅशने कंद पोसतात. पण कुणी म्हणेल, "जास्त खत घातलं तर जास्त रताळी येतील ना?" नाही येणार. फार शेणखत किंवा युरिया दिला, की वेल नुसता माजतो. पाला हिरवागार आणि खाली बोटाएवढी रताळी, असे होते.

भांडी धुतलेले साधे पाणी या वेलाला चालते. साबणाच्या पावडरीचे पाणी देऊ नये. शौचाचे पाणी तर मुळीच देऊ नये. कंद मातीत असतात आणि ते आपल्याला खायचे आहेत.

बेणे कसे निवडावे?

रताळ्याला बी पेरत नाहीत. वेलाचा तुकडा लावतात. त्याला बेणे म्हणतात.

ज्याच्याकडे वेल आहे, त्याच्याकडून बेणे मागून आणा. वेलाचा शेंड्याकडचा भाग घ्या. तो कोवळा आणि जोमदार असतो. बुडाकडचा जुना भाग घेऊ नका. तुकडा एक वीत लांब असावा. वीत म्हणजे सुमारे नऊ इंच. त्यावर चार-पाच डोळे असावेत. ज्या वेलाचे बूड फुगलेले किंवा पोखरलेले दिसते, त्याचे बेणे कधीही घेऊ नये. त्यात कीड असते आणि बेण्याबरोबर ती आपल्या घरी येते.

तुकडे कापले की लगेच लावू नका. दोन दिवस सावलीत ठेवा आणि वर ओले पोते झाका. डोळ्यांजवळ बारीक पांढरी मुळे फुटू लागतात. असे बेणे लवकर जगते.

किती बेणे लागेल?

आता आपण हिशेब करू. आपली जागा दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. दोन वरंब्यांत दोन फूट अंतर ठेवले, तर पाच वरंबे होतात. एका वरंब्यावर दर आठ इंचांवर एक तुकडा लावला, तर पंधरा तुकडे बसतात. पाच वरंब्यांवर पंधरा पंधरा, म्हणजे ७५ तुकडे.

आणि पीक किती येईल? एका हेक्टरात १० टन रताळी आली असे धरा. हे काही फार मोठे पीक नव्हे. त्या हिशेबाने आपल्या एवढ्याशा जागेत नऊ किलो रताळी येतील. माती चांगली असली आणि निगा नीट ठेवली, तर दुप्पटही येतील. पाल्याची भाजी वेगळी.

लागवड

मृगाचा पाऊस पडला आणि माती चांगली ओली झाली, की लागवड करावी. जूनचा शेवट किंवा जुलैचा पहिला पंधरवडा ही वेळ चांगली.

वरंब्यावर चार बोटे खोल रेघ पाडा. तुकडा त्यात आडवा ठेवा. मधला भाग मातीने झाका. दोन्ही टोके बाहेर राहू द्या. हाताने माती हलकेच दाबा. मातीत गेलेल्या डोळ्यांतून मुळे फुटतात आणि त्या मुळांचीच पुढे रताळी होतात. म्हणून निदान दोन डोळे मातीत गेले पाहिजेत.

पहिले आठ दिवस पाऊस नसेल, तर रोज थोडे पाणी शिंपडा. जे तुकडे वाळले, त्यांच्या जागी दुसरे लावा. यासाठी दहा-बारा तुकडे जास्तीचे ठेवलेले बरे.

कोंबड्या, शेळ्या आणि डुकरे यांना हा वेल फार आवडतो. म्हणून बोराटीचे किंवा बाभळीचे काटे लावून कुंपण आधी करा, लागवड मग करा.

निगा

या वेलाची निगा सोपी आहे. पण चार कामे वेळेवर व्हायला हवीत.

पहिले काम, खुरपणी. लागवडीनंतर पंधरा दिवसांनी एकदा आणि महिन्याने एकदा खुरपावे. त्यानंतर वेल जागा झाकतो. मग तणाचे फारसे भय नाही.

दुसरे काम, भर देणे. एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी बुडाशी माती चढवावी. कंद उघडे पडू देऊ नयेत.

तिसरे काम, वेल उचलणे. वेल पसरताना जागोजाग मुळे धरतो. त्या प्रत्येक जागी लहान लहान कंद होऊ लागतात. मग खाणारी तोंडे पुष्कळ आणि घास थोडा, अशी गत होते. म्हणून पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी वेल हलक्या हाताने उचलावा आणि तिथेच पुन्हा ठेवावा. ओढू नये, पिळू नये, पाने उलटी करून टाकू नयेत.

चौथे काम, पाणी. पावसाने आठ-दहा दिवस ताण दिला तर पाणी द्यावे. काढणीच्या आधी पंधरा दिवस पाणी बंद करावे.

रताळ्याचा शत्रू

या वेलाचा मोठा शत्रू एक लहानसा भुंगा आहे. तो मुंगीएवढा दिसतो. त्याला पुढे सोंड असते. म्हणून त्याला सोंड्या भुंगा म्हणतात. मादी वेलाच्या बुडात आणि रताळ्यात अंडी घालते. अळी आत बोगदे करते. वरून रताळे चांगले दिसते आणि कापले की आत काळे निघते. त्याला कडू चव आणि घाण वास येतो.

हा भुंगा माती खोल उकरू शकत नाही. तो भेगांतून आत जातो. काळी जमीन वाळली, भेगाळली, की त्याला दार उघडे मिळते. आता कळले ना, भर देणे का महत्त्वाचे? भेगा बुजवा. बुडाशी माती ठेवा. पाण्याचा ताण पडू देऊ नका. हाच पहिला आणि स्वस्त उपाय.

आणखी तीन गोष्टी करा. बेणे निरोगी घ्या. एकाच जागी दर वर्षी रताळे लावू नका, जागा बदला. काढणीनंतर किडके वेल आणि किडके कंद जाळून टाका. किडलेले किंवा कुजलेले रताळे माणसाने खाऊ नये आणि "गुरं खातील" म्हणून गोठ्यातही टाकू नये. अशा रताळ्यात विष तयार होते. त्याने गुरांना श्वासाचा रोग होतो.

काढणी

बहुतेक जाती साडेतीन ते चार महिन्यांत तयार होतात. बुडाकडची पाने पिवळी पडू लागतात. पण नुसत्या पानांवर जाऊ नका. एक रताळे काढा आणि चाकूने कापा. कापल्या जागी चीक येतो. थोडा वेळ थांबा. चीक पांढुरका राहून वाळला, तर रताळे तयार झाले. चीक काळपट हिरवा पडला, तर आणखी आठ-दहा दिवस थांबा.

काढणी करताना आधी वेल कापून बाजूला ठेवा. मग बाजूने माती सैल करा आणि कंद हाताने काढा. कुदळीचा घाव लागलेले रताळे टिकत नाही. ते आधी खाऊन टाका. बाकीची रताळी धुऊ नका. चार-पाच दिवस सावलीत पसरून ठेवा. साल घट्ट होते, लहानसहान ओरखडे भरतात आणि गोडीही वाढते. नंतर हवेशीर, कोरड्या जागी, कोरड्या वाळूत ठेवा. आठवड्यातून एकदा पाहा. एखादे नासले असेल तर लगेच काढून टाका.

पान आणि कंद ताटात

पावसाळ्यात पुष्कळ पाड्यांना बाजार लांब पडतो. नाल्याला पूर आला की वाट बंद होते. घरात पीठ असते, पण भाजी नसते. मुलांच्या ताटात भाकर आणि मिरची, नाहीतर भाकर आणि मीठ एवढेच येते. त्याच दिवसांत अंगणात हा वेल हिरवागार असतो.

वेल दीड महिन्याचा झाला, की कोवळे शेंडे आणि पाने खुडावीत. एका वेलाचे दोन-तीन शेंडेच घ्यावेत. सगळा वेल बोडका केला तर कंद बारीक राहतात. पाने धुऊन चिरावीत आणि तेलात लसूण-मिरची घालून शिजवावीत. तूरडाळ किंवा मूगडाळ घातली तर आणखी चांगले. पाने कच्ची खाऊ नयेत.

या पानांतून शरीराला अ जीवनसत्त्व मिळते. अ जीवनसत्त्व कमी पडले तर काय होते? मूल दिवसा धड दिसते, पण दिवेलागणीला चाचपडू लागते. यालाच रातांधळेपणा म्हणतात. दुखणे वाढले तर डोळा कायमचा जातो. शिवाय अशा मुलाला गोवर आणि हगवण जड जातात.

रताळ्याच्या कंदातही फरक असतो. काही रताळी आतून पांढरी असतात. त्यांनी पोट भरते, ताकद येते, पण अ जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. काही रताळी आतून नारिंगी असतात, गाजरासारखी. त्यांत हे सत्त्व भरपूर असते. केरळात तिरुवनंतपुरम येथे कंदपिकांचे अभ्यास करणारे सरकारी केंद्र १९६३ साली निघाले. त्या केंद्राने भू सोना नावाची नारिंगी जात तयार केली. तिच्या १०० ग्रॅम कंदात १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. बीटा-कॅरोटीनचे आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व होते.

हे नुसते पुस्तकातले बोलणे नव्हे. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा वगैरे देशांत पांढरी रताळी खाण्याची रीत होती. तिथे नारिंगी रताळी खेड्यापाड्यांत पोहोचवली गेली. मारिया आन्द्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जान लो या तिघांना या कामासाठी २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथेही लावणाऱ्या हातांत पुष्कळ हात बायकांचे होते.

नारिंगी जातीचे बेणे मिळाले तर उत्तम. नंदुरबारजवळ कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे किंवा आपल्या कृषी सहायकाकडे चौकशी करा. नाही मिळाले तर थांबू नका. पांढऱ्या रताळ्याच्या वेलाचे पानही डोळ्यांना गुणकारीच आहे.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला आईच्या दुधाबरोबर उकडलेले रताळे मऊ कुसकरून द्यावे. त्यात थोडे तेल किंवा तूप घालावे. तेला-तुपाशिवाय हे सत्त्व अंगी नीट लागत नाही. पण वेल म्हणजे औषध नव्हे. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. तो चुकवू नका. मूल रात्री चाचपडत असेल, तर त्याला लगेच दवाखान्यात न्या.

वेल जगवायचा कसा?

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. रताळी काढली, खाल्ली, वेल गुरांना घातला आणि झाले, असे करू नका. मग पुढच्या वर्षी बेणे कुठून आणणार?

आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कुणी गुजरातेत जाते, कुणी साखर कारखान्यांच्या मुलखात जाते. घराला कुलूप लागते. अशा घरी वेल कसा टिकेल? "आम्ही इथं नसतोच, मग आम्ही कशाला लावायचं?" असे कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो, तुम्हीही लावाच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावला, तर ऑक्टोबरच्या शेवटापासून रताळी तयार होऊ लागतात. जाण्याआधी ती हातात येतात. वाटेतल्या शिदोरीत आणि पहिल्या काही दिवसांच्या जेवणात ती कामी येतात.

राहिला वेल. सगळे गाव काही जात नाही. म्हातारी माणसे मागे राहतात. काढणीच्या दिवशी दहा-पंधरा चांगले शेंडे त्यांच्या मोरीजवळ, पाण्याच्या माठाखाली किंवा हातपंपाच्या सांडपाण्यापाशी लावून द्या. कुंपण घालून द्या. रोज तांब्याभर पाणी मिळाले तरी ते जगतात. उन्हाळ्यात दुपारची सावली मिळाली तर फारच चांगले. आजी-आजोबांना मधूनमधून मूठभर भाजी मिळेल. तुम्ही परत याल, तेव्हा बेणे तयार असेल.

गावात कुणाकडेच वेल उरला नसेल, तर दुसरा उपाय आहे. मार्चमध्ये बाजारातून पाच-सहा निरोगी रताळी आणा. ओल्या, भुसभुशीत वाफ्यात दोन बोटे खोल पुरा आणि वाफा ओला ठेवा. त्यांना कोंब फुटतात, वेल वाढतात. पाऊस येईपर्यंत लावायला बेणे मिळते.

एका घरी वेल वाढला, की तो शेजारी द्या. बेणे दिल्याने वेल कमी होत नाही. शेंडा कापला की बाजूने दोन फुटतात. आणि तुमचा वेल एखाद्या वर्षी वाळला, तर तुम्हाला बेणे मागायला घर राहते. पाड्यातल्या दहा घरी वेल असला, तर तो सहसा नाहीसा होत नाही.

शब्द आणि अर्थ

बेणे – लागवडीसाठी घेतलेला वेलाचा तुकडा
डोळा – वेलावरची गाठ. इथून पान आणि मूळ फुटते
वरंबा – मातीचा लांब उंचवटा
भर देणे – बुडाशी माती चढवणे
कंद – मातीत वाढणारा, खाण्याजोगा भाग

उत्तरे सांगा

१. उतारावर वरंबे कसे घालावेत? का?
२. बेणे वेलाच्या कोणत्या भागातून घ्यावे?
३. सोंड्या भुंगा रताळ्यापर्यंत कसा पोहोचतो? त्याला कसे अडवाल?
४. रताळे तयार झाले, हे कशावरून ओळखाल?
५. तुमची जागा दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे. दहा फूट लांबीचे तीन वरंबे होतात. एका वरंब्यावर पंधरा तुकडे लावले, तर किती तुकडे लागतील?

करून पाहा

आपल्या पाड्यात कुणाकुणाच्या घरी रताळ्याचा वेल आहे, ते विचारा. त्या घरांची नावे वहीत लिहा. ज्यांच्या घरी वेल नाही, त्यांचीही नावे लिहा. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या यादीतली किती नावे पहिल्या यादीत आली, ते मोजा.